आखाजीचा केक

उभी हयात मी शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झालो तेव्हा समारंभात माझ्याबद्दल बरीच भाषणं झाली, आणि ती ऐकताना हे सद्गृहस्थ कोण, एकदा भेटायला हवं, असं मला सारखं वाटत होतं. पण आज मेहरूणच्या आमच्या कॉलनीत माझं नाव विचारलंत तर कुणालाही सांगता येणार नाही. ‘केकवर नाव लिहिणारे सर कुठं राहतात?’ असं विचारा, शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडेल. ही कीर्ती मला जमनाअक्कांनी मिळवून दिली.

अक्का आमच्या शेजारच्या. सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, आणि आवाज अंगापेक्षा दोन मापं मोठा. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा-सून पुण्याला. घरात एकट्याच असायच्या, पण त्यांचं घर कधी रिकामं दिसलं नाही, कारण कॉलनीत कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच आणि केक अक्कांकडूनच यायचा. विकत नव्हे. एका नवीन आलेल्या बाईंनी बिचारीनं किती द्यायचे म्हणून विचारलं, तर अक्का म्हणाल्या, “आणि जावई जेवून गेला की त्याला बिल देता का तुम्ही?” त्या बाई नंतर महिनाभर आमच्या गल्लीतून गेल्या नाहीत.

माझी भरती झाली ती पाण्याच्या फळ्यावरून. निवृत्तीनंतर हाताखाली मुलं नाहीत म्हणून माझा हात शिवशिवायचा. कॉलनीच्या फाटकाशी एक फळा आहे, त्यावर नळाला पाणी कधी येणार ते मी वळणदार अक्षरात लिहू लागलो, आणि खाली रोज एक सुविचार. पाण्याची वेळ सगळे वाचत. सुविचार मी एकटाच वाचत असे. एका सकाळी अक्का फळ्यासमोर कमरेवर हात देऊन उभ्या दिसल्या. मला वाटलं, चला, एक वाचक मिळाला.

“अक्षर चांगलं आहे सर,” त्या म्हणाल्या. “मजकूर बरा नाही. उद्या दुपारी या. माझं नावाचं काम तुम्ही करा, मला आता बारीक दिसत नाही.”

पहिलंच काम मिळालं ते डाळमिलमधून निवृत्त झालेल्या पुरुषोत्तम आबांच्या पंचाहत्तरीचं. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून त्यात चॉकलेट भरलेलं, ती पिशवी माझ्या हातात. मी शाळेच्या सवयीनं मोठ्या झोकात ‘श्री.’ काढला, त्यापुढे ‘पुरुषो’ काढलं, आणि केक संपला. मी थांबलो नाही. फळ्यावर ओळ संपली की खाली उतरायचं, एवढंच मला येत होतं. उरलेले आबा केकच्या बाजूवरून उतरत उतरत ताटात गेले. अक्का हाताची घडी घालून पाहत होत्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “तुमच्या शाळेत फळा संपत नसेल.”

संध्याकाळी आबांनी स्वतःचं नाव वाचायला ताट गोल फिरवून घेतलं आणि पूर्ण वाचून झाल्यावर टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी कॉलनीतला अधिकृत लेखनिक झालो. यापेक्षा चांगला माणूस न मिळणं हेच त्याचं कारण होतं, आणि अक्कांनी ते माझ्यापासून कधी लपवलं नाही.

त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. मुलानं मोठ्या हौसेनं पुण्याहून ओव्हन पाठवला होता. त्यात अक्का बिबडे ठेवत. ज्वारीच्या त्या पापडांना हवा लागत नाही आणि उंदीरही शिरत नाही, यासारखं कपाट नाही असं त्यांचं मत. केक भाजायचा तो जाड बुडाच्या पातेल्यात खाली मीठ पसरून, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. केक फिरवायला लोकांकडे गोल फिरतं स्टँड असतं, यांच्याकडे उलट्या वाटीवर पोळपाट. भाजला गेला की नाही ते बघायला नव्या झाडूची एक काडी धुऊन ठेवलेली. पण ती काडी नावालाच. खरं काम नाकावर चालायचं. त्या ओसरीत माझ्या बायकोशी, मंगलशी गप्पा मारत बसलेल्या असायच्या आणि मध्येच वाक्य तोडून उठायच्या. “झाला,” म्हणायच्या. झालेला असायचा. केक उतरवला की आधी मीठ-मोहरी ओवाळून त्याची दृष्ट काढायची, मग बाकीचं. केकची दृष्ट काढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि ती काढताना ताट धरून उभा राहणारा पुरुष तर मी एकटाच असेन.

त्यांचे नियम होते. मेणबत्ती फुंकायची नाही. “दिवा फुंकणं आपल्यात नाही, आणि तोंडची थुंकी लोकांना कशाला खाऊ घालायची?” आधी औक्षण, मग केक. दुसरा नियम म्हणजे नावावर सुरी चालवायची नाही. ज्याचा वाढदिवस त्याच्या नावाचा तुकडा अखंड काढायचा आणि त्याच्या आईला द्यायचा, आई नसेल तर बायकोला किंवा नवऱ्याला. पुरुषोत्तम आबांच्या बायकोच्या वाट्याला ‘श्री. पुरुषो’ एवढंच अखंड आलं. बाकीचे ताटातून चमच्यानं गोळा करावे लागले.

मला लिहिता येतं म्हणजे सजवताही येईल असा एकदा अक्कांचा गैरसमज झाला. पाळधीच्या एका नातेवाइकाच्या नातवाला ट्रॅक्टरचा केक हवा होता. अक्कांच्या कंबरेत लचक भरलेली, म्हणून त्यांनी कोचावरून सूचना द्यायच्या आणि मी हात चालवायचे असं ठरलं. मी बिस्किटांची चाकं लावली, मावा-चॉकलेट मळून बॉनेट बसवलं. बॉनेट खचलं. ते सावरायला गेलो तर पुढची चाकं पोटाखाली गेली. मागे नांगर लावला होता, तो शेपटीसारखा लोंबू लागला. अक्का लंगडत आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“सर, दोन शिंगं लावा,” त्या म्हणाल्या. “म्हैसच होऊ पाहतेय ती, होऊ द्या.”

मी शिंगं लावली. नातवानं पंचवीस जणांत रडून गोंधळ घातला, पण त्याचे आजोबा खूश झाले. त्यांच्या मते ट्रॅक्टर कुणीही आणतं, म्हशीचा केक पहिल्यांदाच पाहिला. अजून कुठं भेटले की ते माझ्या म्हशीची चौकशी करतात.

अक्कांना स्तुती चालत नसे. कुणी ‘छान झालाय’ म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. “छान कुणीही म्हणतं. खोट सांगा.” मी आयुष्यभर प्रगतिपुस्तकावर ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहून पोट भरलेला माणूस, मला खोट सांगणं कसं जमणार? मी ‘छान’ म्हणायचो आणि अक्का मला न मोजता दुसऱ्याकडे वळायच्या. मंगलला मात्र खोट सांगता यायची, त्यामुळे त्यांची मैत्री होती.

आणि त्या स्वतः? त्या खोट न विचारता सांगायच्या. माझ्या हातचा चहा प्यायल्या की म्हणायच्या, “पाणी चांगलं उकळलंय.” मंगलच्या भरताला म्हणाल्या होत्या, “वांगं बिचारं चांगलं होतं.” मंगल हसली, वांगं कसं भाजायचं ते विचारून घेतलं, आणि आता आमच्याकडचं भरीत खायला लोक येतात. पण सगळेच हसून घेत नाहीत. हे अक्कांना फार महागात पडून समजलं होतं, आणि ते मला खूप उशिरा कळलं.

कळलं ते आखाजीच्या निमित्तानं. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि खानदेशात तिचा थाट दिवाळीहून कमी नसतो. लेकी माहेरी येतात, पितरांसाठी घागर भरतात, घरोघरी चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर पुरणाचे मांडे होतात. पितरांना दाखवल्याशिवाय आंबा तोंडाला लावत नाहीत, म्हणून त्या दिवशीच्या आमरसाला सगळे टपलेले असतात. सगळी कॉलनी अशी गजबजलेली असताना अक्का दार लोटून घेत. त्या एका दिवशी त्यांच्या घरातून भाजल्याचा वास येत नसे. मी समजत होतो, दमत असतील.

त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मोठा केक तयार होता, आंब्याचा. पातेलंभर म्हशीची साय घोटून त्यात हापूसचा रस घातलेला आणि तो थर केकवर दोन बोटं जाड बसलेला.

“यावर फक्त ‘इंदू’ लिहायचं,” अक्का म्हणाल्या. “श्री नको, सौ नको, चिरंजीव नको.”

दोन अक्षरांचं नाव. इतक्या वर्षांत असं सोपं काम मला मिळालं नव्हतं. मी आनंदानं पिशवी हातात घेतली आणि इंदू कोण म्हणून विचारलं.

“माझी धाकटी बहीण. धुळ्याला असते. आखाजीला जन्मली ती, तारीख कुणाला माहीत. आखाजी हाच तिचा वाढदिवस.”

अक्कांना बहीण आहे हेच मला ठाऊक नव्हतं. साय घोटलेला डाव धूत धूत, माझ्याकडे पाठ करून, त्यांनी सगळं सांगितलं. दोघींचं माहेर नरडाण्याजवळच्या खेड्यातलं. भाऊ नाही. आई मांड्यांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत अशी पसरायची की खापरावर टाकताना तिच्यातून पलीकडचं माणूस दिसायचं. आई गेल्यावर तो हात इंदूनं उचलला. अक्कांनी नाही उचलला, त्या केकच्या नादी लागल्या. मग इंदूच्या मुलीचा साखरपुडा ठरला. इंदूनं आचारी न बोलावता पहाटेपासून स्वतः मांडे केले. व्याही मंडळी वाखाणत होती. इंदू भरल्या पंगतीत अक्कांपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, अक्का, तू सांग, आईसारखे झाले ना?

“आणि मी म्हटलं, नाही, जाड झालेत,” अक्का म्हणाल्या. “आईच्या मांड्यातून दिसायचं, म्हटलं. विहीणबाई हसली. इंदू आत गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर तिचा फोन नाही, माझा नाही. त्या पोरीचा पोरगा आता शाळेत जातो.”

“मग तुम्ही करायचा फोन,” मी म्हटलं.

“आणि काय सांगू? पातळ होते म्हणू?” त्या वळल्या. “जाड होते हो सर. खरंच जाड होते. खोटं बोलून बहीण परत आणायची, तर ती मला लहानपणापासून ओळखते. माझं खोटं तिला लगेच कळणार.”

मी पिशवी सरळ केली आणि जपून ‘इंदू’ लिहिलं.

“आईवडील गेले, घर पडलं. आखाजीला माहेरी जायचं म्हटलं तर मला आता इंदूशिवाय माहेर नाही, आणि तिलाही माझ्याशिवाय नाही,” अक्का म्हणाल्या. “यंदा जायचंच. केक हातात असला म्हणजे दारात पहिल्यांदा काय बोलायचं हा प्रश्न राहत नाही. तुमची गाडी आहे ना?”

गाडी होती. म्हणजे तिला गाडी म्हणण्याचा आमच्या घरी रिवाज होता. एसीचं बटण दाबलं की गारव्याचा नुसता आवाज यायचा. मंगलनं डोक्याला हात लावला. “वैशाखात सायीचा केक धुळ्याला? अक्का, नानकटाई न्या. सुका केक न्या. काहीही न्या.”

“इंदूला साय आवडते,” अक्का म्हणाल्या, आणि विषय संपला. लहानपणी त्या कुणाचं ऐकत असतील तर असतील.

पहाटे उन्हाच्या आधी निघायचं ठरलं होतं. पण आखाजी होती. पितरांची घागर भरल्याशिवाय अक्का उंबरा ओलांडणार नव्हत्या. घागर झाली, नैवेद्य झाला, मग केकची दृष्ट काढायची राहिली होती ती काढली, मग माझी पण काढली, कारण गाडी मी चालवणार होतो. केक मोठ्या स्टीलच्या डब्यात, डबा टोपल्यात, भोवती बर्फ, वरून ओलं गोणपाट. आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसत होता.

एरंडोलपर्यंत बरं चाललं. पारोळ्याच्या अलीकडे केळीचा ट्रक रस्त्यात आडवा होऊन बसला होता आणि त्याच्यामागे सगळा खानदेश उभा होता. आम्ही त्यात शिरलो आणि थांबलो. काचा उघडल्या तर भट्टीची झळ, लावल्या तर आत कोंडून घामाच्या धारा. बर्फाचं पाणी झालं, पाणी टोपल्यातून खाली सांडलं. अक्कांनी माझ्या पिण्याच्या पाण्याची बाटली न विचारता गोणपाटावर ओतली. स्वतःच्या पदरानं त्या डब्याला वारा घालत होत्या. मीही वितळत होतो, पण ते चालण्यासारखं होतं, माझ्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. दर थोड्या वेळानं त्या झाकण उघडून बघायच्या, आणि दर वेळी थोडं ऊन आत जायचं. हे मला दिसत होतं, पण अक्कांना खोट सांगणं मला आधीच जमत नव्हतं, त्यात गाडीत आम्ही दोघंच.

रस्ता सुटला, आम्ही पारोळं मागे टाकलं, आणि अक्कांनी पुन्हा झाकण उघडलं. या वेळी त्यांनी ते लावलं नाही.

“नाव गेलं सर,” त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “सुरी न लावता नाव गेलं. हे बरं लक्षण नाही. गाडी परत फिरवा.”

मी आरशात पाहिलं. मागे ट्रक, शेजारी ट्रक, मध्ये दुभाजक. मग मी खरं ते सांगितलं.

“अक्का, मला हायवेवर गाडी वळवता येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुढं जाता येतं. मागे फिरायचं तर मोकळं मैदान लागतं. ते आता धुळ्यातच मिळेल.”

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. “मग इतकी वर्षं गाडी चालवता कशी?”

“सरळ,” मी म्हटलं.

धुळं येईपर्यंत अक्का मांडीवर उघडा डबा घेऊन बसून होत्या. मला त्यांची फार दया येत होती आणि मी काहीही करू शकत नव्हतो.

इंदूताईंचं घर देवपुरात. मागच्या अंगणात चूल पेटलेली, तिच्यावर उपडं खापर, आणि खापरासमोर अक्कांसारख्याच बुटक्या एक बाई दोन्ही हात वर करून उभ्या. त्यांच्या कोपरापर्यंत एक भला मोठा मांडा पसरलेला होता. मांडा हातावर असला की तो खाली ठेवता येत नाही आणि थांबलं तर फाटतो. इंदूताईंनी मान वर केली, बहिणीला पाहिलं, आणि त्यांना ना पुढं येता येईना ना आत निघून जाता येईना. त्यांचे हात तेवढे गोल फिरत राहिले.

“उनी व अक्का?” त्या अहिराणीत म्हणाल्या. आलीस का, एवढंच.

“उनी,” अक्का म्हणाल्या.

मांडा खापरावर पडला. मग इंदूताई हात पुसत आल्या आणि डब्यात वाकून पाहिलं. डब्यात पिवळं सरोवर होतं आणि त्यात केकची चार-दोन बेटं.

“हाई काय शे?” हे काय आहे, असं त्यांनी विचारलं.

“केक व्हता,” अक्का म्हणाल्या.

इंदूताईंची सून माझ्याकडे बघत होती आणि मी तुळशीकडे. इंदूताईंनी त्या पिवळ्यात बोट बुडवून चाखलं. पुन्हा एकदा चाखलं. “साय शे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग सुनेला हाक मारली आणि सांगितलं, “वाट्या आण. रस आज हाच.”

पाट मांडले गेले. आमरसाच्या जागी वाटीत केक आला, पानात घडी घातलेला मांडा. इंदूताईंनी स्वतः अक्कांना वाढलं आणि तिथंच उभ्या राहिल्या, हातात डाव घेऊन. काही विचारलं नाही. अक्कांनी घास मोडला, वाटीत बुडवला, खाल्ला. सगळं अंगण थांबलं होतं. पातळ आहे म्हणा, मी मनात म्हणत होतो, एवढं एकदा खोटं बोला, मी आयुष्यभर बोललोय, काही होत नाही.

“जाड शे,” अक्का म्हणाल्या.

सुनेच्या हातातली तुपाची लोटी तशीच राहिली.

“जाड शे इंदू,” अक्का पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाटीत पडायला लागलं. “तवयही जाड व्हतं. पन तवय मी चार लोकस्ना समोर बोलाले नको व्हतं. तू माले इचारं ते कौतुकसाठे इचारं व्हतं. ते माले समजनं नही. मनं चुकनं.”

इंदूताई उभ्याच होत्या. डाव घट्ट धरला होता. मला वाटलं, आता आत जातील.

“मना मांडा जाड,” त्या म्हणाल्या, “नि तुना केक पातळ. जेव आते गुपचूप.”

आधी सून फसकन हसली. मग अक्कांना हसू फुटलं, ते त्यांनी पदरानं दाबलं आणि त्याचं रडू झालं. इंदूताई त्यांच्याजवळ खाली बसल्या, तोंडानं ओरडत होत्या की रडू नको, अन्नात पाणी पडतंय, आणि स्वतःही रडत होत्या. मी वाटीत डोकं घालून जेवत राहिलो. मांड्याशी तो वितळलेला केक खाल्लेला आहे असा माणूस जगात दुर्मीळ असेल. मी तीन वाट्या खाल्ल्या आणि मला त्यात खोट सापडली नाही.

अक्का माझ्याबरोबर परत आल्या नाहीत. आखाजीला आलेली लेक त्याच दिवशी परत जात नसते, असं इंदूताईंनी सांगितलं. आठ दिवस राहते, म्हणाल्या. आठ दिवसांनी मंगलला फोन आला, इंदूच्या मांड्यांचं जरा बघते आणि येते. मग पावसाळा लागला, रस्ते खराब आहेत म्हणाल्या. फोनवर मागून इंदूताईंचा आवाज यायचा, कशावरून तरी वाद चाललेला असायचा, आणि अक्का फोन विसरून तिकडेच बोलायला लागायच्या. श्रावण तोंडावर आला असताना एका पहाटे अक्का झोपेतच गेल्या. इंदूताईंनी मला स्वतः कळवलं. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. शेजारचं बंद दार पाहवत नाही. आणि मी जरा बरा ड्रायव्हर असतो तर त्या पारोळ्याहूनच परत आल्या असत्या, हे आठवलं की माझ्या आयुष्यातल्या सगळ्या नालायकीला मी त्या एका दिवसापुरती माफी देतो.

मी अक्कांना शेवटचं पाहिलं ते त्याच आखाजीच्या संध्याकाळी. मी निघायला बाहेर आलो. गल्लीच्या तोंडाशी निंबाला पोरींनी आखाजीचा झोका बांधला होता आणि पोरी कुठंतरी गाणी म्हणायला गेल्या होत्या. इंदूताईंनी अक्कांना धरून झोक्यावर बसवलं. अक्कांनी आधी दोर ओढून पाहिला, गाठ बरी नाही म्हणाल्या, आणि मग चपला काढून बसल्या. इंदूताईंच्या हातांना अजून पीठ लागलेलं होतं. त्यांनी पाठीमागून भीत भीत एक झोका दिला. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते.

“आखो,” अक्का म्हणाल्या. अजून, असं म्हणायला आमच्याकडे तो शब्द आहे. “आखो दे इंदू.”